हात सैल सोड

औषधाचा वेग वाढवला की अप्पांचे हात लांब जात. सकाळी ते कॉटच्या कठड्यापर्यंतच होते. राउंड झाल्यावर डावा खिडकीपाशी जाऊन थांबला आणि उजवा अतिदक्षता विभागाच्या दारातून बाहेर पडला.

"प्रेशर छान आलंय," सिस्टर लोंढे म्हणाल्या.

"पण हात?" अप्पांच्या लेकीनं, सुलेखानं विचारलं.

"या औषधानं कडेच्या रक्तवाहिन्या आखडतात. रक्त आधी हृदयाला, मेंदूला. हातापायांना उरलंसुरलं. त्या पलीकडच्या आजींचे पाय काल गच्चीवर होते."

"परत येतात?"

"औषध कमी केलं की येतात, काळे पडले नसतील तर. जवळ बसून नख दाबत राहा. पांढरं होतं. सोडल्यावर लगेच गुलाबी झालं, म्हणजे हात अजून आपला."

"औषध कमी कधी करतात?"

"हृदय सावरलं की." सिस्टरनी चादरीची सुरकुती काढली. "नाहीतर काही उपयोग उरला नाही की."

सुलेखानं झोपेच्या औषधात बुडालेल्या अप्पांच्या कपाळाला हात लावला. ते ऊबदार होतं. मग ती उजव्या हाताच्या कडेकडेनं निघाली.

व्हरांड्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनी अप्पांचा हात उचलला, खालून पुसून घेतलं आणि परत ठेवला. "तुमच्या पेशंटचा का? भिंतीकडं सरकवा जरा, चहाची गाडी येईल."

सुलेखानं तो सरकवला. पुढं कँटीन लागलं, मग रस्ता, मग एसटी स्टँड. लोक हात ओलांडून जात होते, पाय कुणीच देत नव्हतं. तिनं त्यावर टेकलेला आपला तळवा उचलला नाही. स्टँडपर्यंत कातडी थंड झाली होती. कासार गल्लीच्या तोंडाशी त्या कातडीवर जांभळट जाळी उमटली. हात अप्पांच्याच दुकानात शिरला होता. गादीवर, बांगड्यांच्या खोक्यांशेजारी, पंजा उताणा पडला होता, गिऱ्हाइकाची वाट बघावी तसा.

तिनं नख दाबलं आणि सोडलं. ते पांढरंच राहिलं. गुलाबी रंग आला तो फार उशिरा, कडेकडेनं, नको असल्यासारखा.

बांगड्या भरताना अप्पा प्रत्येकीला विचारायचे, "आज भाजी काय केलीस?" बाई सांगायला लागली की हाताला विसरायची आणि बांगडी मनगटात गेलेली असायची. लहानपणी सुलेखा मूठच सोडायची नाही. "हात सैल सोड गं बाय," अप्पा म्हणायचे, "मी काय घेऊन पळतोय का तो?"

आता तिचं मनगट मोकळं होतं. बांगड्या अतिदक्षता विभागाच्या दाराशीच उतरवून घेतल्या होत्या. तिनं आपला हात त्या थंड पंज्यात ठेवला. अप्पांच्या बोटांनी तिच्या अंगठ्याचा सांधा चाचपला, चेपला. खोक्यातली एक हिरवी बांगडी उचलून पंजा ती तिच्या बोटांवरून चढवू लागला. सांध्यापाशी बांगडी अडली.

अप्पांचं तोंड तिकडं दवाखान्यात होतं. विचारणारं इथं कुणी नव्हतं.

"शेपू केलीय, अप्पा," ती आपणहूनच म्हणाली. "तुमची बिनमिरचीची वेगळी काढलीय."

पंज्याला हिसका बसला. तिकडं कुणीतरी औषध कमी केलं होतं.

हात मागं सरकू लागला. गादीवरून उतरला, गल्लीत आला. तिची बोटं त्याच्या मुठीत होती. ती चालू लागली, स्टँडपाशी पळू लागली. सावरलंय की संपलंय, हे हिसक्यावरून कळत नव्हतं. कँटीन मागं गेलं. मावशी बादली घेऊन बाजूला झाल्या. "सांभाळून, ओलं आहे."

बांगडी सांध्यावरच होती; आत जात नव्हती, फुटतही नव्हती. पळता पळता सुलेखानं अप्पांचं नख दाबलं, पूर्ण पांढरं होऊ दिलं आणि सोडलं.