हिरवी वायर

शनिवारी सकाळी विशाखानं चहाचा कप टेबलावर ठेवून कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, जरा वेळ दाबून धरलं. तरी डबा मुकाच.

हा कॉम्प्युटर तिनं आणि तिच्या वडिलांनी, अप्पारावांनी, मागच्या वर्षी सुटे भाग आणून घरीच जोडला होता. अप्पाराव वाळूजच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर झालेले. आई, मुक्ताबाई, वारल्यापासून भावसिंगपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच राहायची. विशाखा सिनेमासाठी कॉम्प्युटरवर दृश्यं बनवायला शिकली होती. पूर, धूर, कोसळणाऱ्या इमारती असलं काम. हैदराबादच्या एका स्टुडिओनं तिला नोकरीआधी एक छोटं दृश्य करून मागितलं होतं, सोमवारी दुपारपर्यंत. दृश्य तयार होतं. पण मशीनला त्याची अखेरची व्हिडिओ फाईल बनवायलाच अख्खा दिवस लागणार होता.

"बाबा, जरा येता का? मशीन चालूच होईना."

अप्पाराव मेथी निवडत होते. हात झटकत आले. त्यांनी प्लग काढून त्याच बोर्डात मिक्सर लावून बघितला. तो फिरला.

"लाईट हाय. आतच काहीतरी हाय. घाई नको करू, एकेक बघू."

विशाखानं डब्याचं झाकण काढलं. आत मदरबोर्डवरचा बारीक दिवा जळत होता, म्हणजे वीज तिथवर पोचत होती. बटणाचीच वायर सुटली असेल म्हणून तिनं ती काढली आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. काही नाही. रॅम काढून पुसून बसवली, छोटा सेल काढून घातला, ग्राफिक कार्ड बाजूला ठेवून बघितलं. अप्पाराव शेजारी बॅटरी धरून उभे होते. तिचा हात जिकडे जाई तिकडे ते उजेड नेत होते.

"रॅम परत एकदा बघतीस का?" ते म्हणाले. तिनं परत बघितली. दिवस त्यातच गेला.

रविवारी तिनं मदरबोर्डला जाणारी जाड केबल काढली. तिच्यात एक हिरवी वायर असते. बटण दाबलं की 'चालू हो' हा निरोप तिच्यातूनच पॉवर सप्लायला जातो. प्लगमध्ये हिरव्या आणि काळ्या वायरीची टोकं क्लिपनं जोडली की सप्लायचा पंखा फिरायला पाहिजे. फिरला नाही.

"सप्लाय गेलाय," ती म्हणाली आणि खाली फरशीवर बसली.

"जाऊ दे," अप्पाराव म्हणाले. "दुकानं बंद हायती आज. नशिबात नसंल तिकडचं. इथं काय कमी हाय तुला?"

असं ते कधी बोलत नसत. मुलीला शिकवायला त्यांनी कधी मागंपुढं पाहिलं नव्हतं. विहारात लोक त्यांचं उदाहरण देत. थकले असतील, असं तिला वाटलं. तिनं त्यांना पाणी आणून दिलं.

सोमवारी दुकान उघडताच ती सप्लाय आणि केबल घेऊन पैठण गेटजवळ गेली. दुकानदारानं सप्लायला स्वतःची केबल लावली आणि पंखा लगेच गरगर फिरला.

"सप्लाय एकदम ठीक है बेटा. तुम्हारी केबल में लोचा है."

तिनं काउंटरवरच केबलीवरची काळी जाळी मागं सरकवली. सप्लायकडच्या टोकाजवळ हिरवी वायर कापलेली होती, कटरनं, सरळ. दोन्ही टोकांवर वेगवेगळी टेप गुंडाळलेली, कुठं चिकटून मशीन जळू नये म्हणून. आणि टेपेचं शेवटचं टोक आत दुमडून ठेवलेलं, पुढं सोडवायला सोपं जावं असं. घरातल्या इस्त्रीच्या वायरीवर, कुकरच्या मुठीवर, तिच्या शाळेच्या छत्रीवर अशीच टेप असायची. दुमडलेल्या टोकाची.

दुकानदार काहीतरी विचारत होता. तिला ऐकू आलं नाही.

ती घरी आली तेव्हा अप्पाराव ओट्यावर पेपर वाचत होते. तिनं केबल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि चष्मा काढला.

"कधी?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी. तू बाजारात गेली व्हतीस."

"मग दोन दिवस बॅटरी धरून काय उभे होता, बाबा? मी एकेक भाग पुसत होते. तुम्ही बघत होता."

त्यांनी टेपेच्या दुमडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मशीनला काय होऊ दिलं नाय मी."

"तुम्ही मला सांगायचं होतं, जाऊ नको म्हणून."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस तू."

"हो. थांबले असते."

"मग जन्मभर म्हणली असतीस, बापानं अडवलं." त्यांचा आवाज खाली गेला. "मला तसला बाप व्हायचं नव्हतं. वाटलं, मशीननं अडवलं म्हणशील. लई एकटं वाटतं गं घरात, तू नुसती बाजारात गेलीस तरी."

आईचं नाव त्यांनी घेतलं नाही, तरी ते तिला कळलं. त्यांची कीवही आली. पण दोन दिवस त्यांचा हात जिथं आपल्या हाताशेजारी होता, तिथं आता तिला काहीतरी घाण लागल्यासारखं वाटत होतं.

तिनं आत जाऊन सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. ते मदतीला उठले.

"राहू द्या," ती म्हणाली.

वायर जोडल्यावर मशीन पहिल्याच दाबाला चालू झालं. पण फाईल बनायला अजून दिवस लागणार होता, म्हणून स्टुडिओला तिनं मुदत मागणारी मेल पाठवली. त्यांनी दोन दिवसांनी नम्रपणे कळवलं की जागा भरली.

त्यानंतर ती कुठं अर्ज करते, कुणाचा फोन येतो, हे घरात बोलली नाही. बाहेर जाताना खोलीला कुलूप लावू लागली. दिवाळीनंतर पुण्याच्या एका स्टुडिओत तिचं जमलं, ते तिनं तिकीट काढल्यावर सांगितलं. अप्पारावांनी फक्त मान हलवली आणि मशीनचा खोका बांधायला सुतळी आणून दिली. खोका तिनं स्वतःच बांधला.

आता ती दर रविवारी फोन करते. त्यांच्या गोळ्यांचं विचारते, शेजारच्या आशाबाई डबा देतात का ते विचारते. ते विचारतात, "आणि काम कसं चाललंय?"

"चाललंय," ती म्हणते.