हातातला दावा पुरा करून

३.१२. दावा २१७ सुरू. रूपी, तलासरी.

ही ओळ माझी नाही, माझ्या प्रोग्रॅमची. पायथनमध्ये लिहिलेला, नऊ दिवस पडद्यामागे गुपचूप चालू आहे. वनजमिनीचा एकेक दावा उचलतो, जुन्या नकाशाशी ताडतो, यादीत घालतो. एका दाव्याला अकरा मिनिटं. यादी आज पाच वाजता जिल्ह्याला जाणार. याआधीची तीन वर्षांपूर्वी गेली होती.

२१८, शेवटची: लाडकी. रूपीची धाकटी जाऊ. दोघी बाहेर बाकावर.

खरं तर २१७ लाडकीच व्हायची. अर्ज घ्यायला खिडकीत मीच होतो. नंबर आला तशी ती मागे सरली.

"वहिनी, तू दे. थोरलीच्या आधी धाकटीचा कागद कसा जाईल?"

खिडकीशी उभे होते ते हसले. मी नोंद केली.

३.२१. ही वेळ माझी. सूर्यकांत साहेब आत आले. डहाणूची ही कचेरी त्यांची.

"दर्शन, मशीन मोकळं कर. कचेरी बघायला येणारे पाहुणे जवळ, सरावलीपर्यंत आलेत. सहा वाजेपर्यंत मोठा पडदा ह्यालाच जोडलेला लागेल."

"सर, मधेच तोडलं तर चालू दावा बिघडेल. सूचना दिली की हातातला पुरा करून थांबतो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

वीस म्हणालो असतो तरी चाललं असतं, लाडकीचाही झाला असता. साहेबांना काय कळणार होतं? पण महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो, माझा प्रोग्रॅम शहाण्यासारखा थांबतो. दोन मिनिटं म्हणताना छाती फुगली होती.

मग आठवलं. "सर, बाहेर एकच बाई राहिलीय."

"एकीसाठी पाहुण्यांना उन्हात उभं करू? प्रोग्रॅमर आहेस की पुढारी? पुढच्या यादीत घे."

३.२१. थांबण्याची सूचना मिळाली.
३.२३. दावा २१७ पूर्ण. नवीन दावा घेत नाही.

"वा," साहेब म्हणाले. "हे पाहुण्यांना दाखव."

बाहेर गेलो.

"वहिनीचा झाला ना भाऊ? मंग आता माझा."

"पुढच्या यादीत, बाई."

"ती कवा?"

रूपी माझ्याकडे बघत नव्हती. जावेकडेही नाही.

आत पडदा लागला. पाहुण्यांसमोर मी प्रोग्रॅम बंद होताना उमटलेली शेवटची ओळ मोठ्याने वाचली: काहीही अर्धवट राहिलेलं नाही.

टाळ्या वाजल्या. बाकाकडचं दार उघडंच होतं.