पाचवा बार

कॉलेजात शिकवलं होतं, दोन कामं एकाच वेळी चालवली की वेळ वाचतो. मला ते भारी आवडलं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला प्रत्यक्ष काम म्हणून नांदूरघाटजवळच्या पाणीपुरवठा सोसायटीची विहीर माझ्या वाट्याला आली. दुष्काळात तळ लागला होता, सुरुंग लावून ती खोल करायची होती. सुरुंगाचे बार उडवायची वेळ आणि सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या भेटीची वेळ मी एकच ठेवली. बार उडतील, साहेब पोचतील, त्यांच्यासमोरच माणसं खाली उतरतील. केवढी ही हुशारी!

तळाच्या खडकात पाच बार भरले. वाती पेटवून सुरुंगवाला पंडित वर आला आणि सगळे लांब पळालो. तो बोटांवर आवाज मोजत होता. "पाच! झाले समदे!"

याच विहिरीवर कामाला असलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, क्रेनच्या बकेटकडे निघाले. तळात पहिले तेच उतरायचे.

माझं लक्ष रस्त्याकडे गेलं. साहेबांची जीप येऊन थांबली होती. शेजारी सोसायटीचा शिपाई बंकट हसत उभा होता, पायाशी एका सुतळी बॉम्बच्या चिंध्या. साहेबांचं स्वागत! पंडितनं मोजलेला एक आवाज बंकटच्या फटाक्याचा असला तर?

बोलावं तर सगळ्यांदेखत साहेबांच्या स्वागताचा विचका. आणि मला तरी खात्री कुठे होती? अण्णांनी बकेटमध्ये पाय टाकला.

"अण्णा, उतरू नका!"

"कावून गं?"

"एक बार राहिलाय. एक आवाज फटाक्याचा होता."

"काई बी बोलती," बंकट म्हणाला. "सायेब उनात उभे हायेत."

साहेबही वैतागले. "पोरी, पंडितला कळत न्हाई व्हय?"

मी अण्णांचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि ओढत सुटले.

"सत्यभामा, सोड. लोक बघाय लागलेत." पण ते बकेटमधून उतरले आणि मला समजवायला बाभळीपर्यंत आले.

तेवढ्यात विहीर गरजली. वर उडालेले दगड रिकाम्या बकेटवर आदळले.

धूळ खाली बसली. अण्णांनी चेपलेल्या बकेटकडे पाहिलं.

"पोरीनं जीव वाचवला!" साहेब म्हणाले. "म्होरच्या इहिरीचं टाइमटेबल बी हीच बसवंल."

टाळ्या वाजल्या. माझ्या मुठीत अजून सदरा होता. जीप नेमकी त्याच वेळी यावी, हे मीच बसवलं होतं.