धडधाकट माणसाचं रक्त

हिंदी मुलखातल्या रांझीच्या कारखान्यात अंबादास म्हणजे लोखंडी माणूस. नोकरीत कधी तापाचीसुद्धा रजा घेतली नाही, म्हणून रक्तदानाच्या शिबिरात बुवा सगळ्यांच्या आधी जाऊन पलंगावर आडवे. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, भेटायला या. याला वाटलं, सत्कारच असणार. इस्त्रीचा शर्ट घालून गेला बिचारा.

डॉक्टर विनता मराठीच निघाल्या. "काका, तुमच्या रक्तात हेपटायटिस सी निघालाय. लिव्हरचा आजार. आम्ही दोनदा तपासलं."

"काय सांगून राहिल्या, मॅडम? मी तर धडधाकट आहो."

"रक्त द्यायला येणारे सगळे धडधाकटच असतात. तरी काहीशे माणसांमागे एखादा असा निघतोच. वर्षानुवर्षं कळत नाही. आता गोळ्यांनी बरा होतो, घाबरू नका. कधी कुठे सुई टोचून घेतली होती?"

अंबादासनं आपल्या दंडाकडे पाहिलं. लग्नाच्या वर्षी ग्वारीघाटच्या मेळ्यात नवराबायकोनं एकमेकांची नावं गोंदवून घेतली होती. आधी त्याचं झालं. मग गोंदणवाला सुई बदलायला लागला, तर भानुमतीच म्हणाली, "रहने दो भैया, एक ही सुई से जोडा बना रहता है." तिच्या माहेरची रीतच तशी.

स्वतःचं त्याला काही वाटलं नाही, पण भानुमतीच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत त्याचा डबा रोज तसाच घरी परत येई. ती मात्र म्हणे, "काहून तोंड पाडून बसले? जे होईल ते होईल."

निकालाच्या दिवशी विनताबाई कागदावरून मान वर करेनात. मग म्हणाल्या, "काकूंनाही झाला होता. रक्तात त्याची खूण आहे. पण विषाणू आता एकही नाही. शरीरानं आपला आपणच हुसकून लावला. थोड्याच जणांना जमतं हे."

"कधी?" अंबादासनं विचारलं.

"बहुधा गोंदवलं तेव्हाच. पहिल्या वर्षभरात."

अंबादास बायकोकडे बघतच राहिला. आठ माणसांच्या पोळ्या लाटता लाटता ही बाई एवढी लढाई जिंकली, आणि घरात कोणाला पत्ता नाही. बाप्पा, केवढं हे. "तुले काहीच नाही जाणवलं?"

"लय थकून राहायची मी त्या वर्षी," भानुमती सहज म्हणाली. "तुम्ही म्हणत होते, माहेरी लाडावलेली आहे."

अंबादास खुर्चीतून उठला. त्यानं भर दवाखान्यात बायकोपुढे हात जोडले.