डाव्या कानातले ठोके

"काका, कागदावर सही राहिलीय, आणि तुम्ही परत वर कुठं निघालात?" इंजिनीअरबाई खालून ओरडल्या.

"आलोच!" म्हणालो आणि परांचीवर चढत राहिलो.

उद्यापासून या सभागृहात शाळेची साडेचारशे पोरं बसणार होती. छप्पर तोलून धरणाऱ्या पोलादी कैच्यांचा प्रत्येक बोल्ट घट्ट आहे, असं लिहून देणारा माणूस मी. आणि सकाळपासून माझ्या डाव्या कानात ठोके पडत होते. तीन ठोके, मग शांतता.

आता गंमत ऐका. माझा डावा कान ठार बहिरा आहे. तीस वर्षं पोलादाचा दणदणाट ऐकल्यावर दुसरं काय होणार! हे फक्त माझ्या थोरल्या भावाला, दादाला ठाऊक होतं; आम्ही जोडीनं काम करायचो. बोल्टवर हातोडी मारून तो ऐकायचा. घट्ट बोल्ट खणखणतो, सैल भद्द वाजतो. माझ्या वाटणीचंही तोच ऐकायचा. तीन ठोके मारून थांबायचा. मी पाना लावून बघायचो आणि "ठीक, दादा" म्हणायचो. मग तो चौथा ठोका मारायचा आणि पुढे सरकायचा. दादा जाऊन दोन महिने झाले होते.

दुपारी बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "कानात मळ साचला असेल. तेल घाला."

ठोके सातव्या कैचीवरून येत होते. वर चिटपाखरू नव्हतं. सांध्यावर आठ बोल्ट, आठांवर माझ्याच हातच्या पांढऱ्या रेषा, अगदी सरळ. आमची पद्धत अशी, की आधी पान्याने बोल्ट पूर्ण आवळायचा आणि मग नटावरून पट्टीपर्यंत रंगाची रेषा ओढायची. पुढे नट फिरला तर रेषा तुटते. म्हणून रेषा सरळ दिसली की सगळे निर्धास्त.

पट्टीवर बोटभर धूळ होती. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर मात्र हातोडीच्या तोंडाएवढा गोल डाग, लख्ख पुसलेला. "दादा?" मी म्हणालो. स्वतःचाच आवाज परका वाटला.

नटाला बोट लावलं. नट फिरला. नुसत्या बोटांनी! दुसरा फिरला. आठही फिरले.

मग आठवलं. त्या दिवशी दादा घरीच होता, आणि घाई होती. म्हटलं, रेषा आधी ओढून घेऊ, पाना मागाहून मारू. ब्रश हातात असतानाच फोन आला, की दादा न्हाणीत कोसळला. ब्रश टाकून पळालो. पंधरा दिवसांनी आलो तेव्हा रेषा सरळ होत्या, आणि मीच त्या पास केल्या. तपासणी दहातल्या एका बोल्टची व्हायची. हे आठ सुटले.

पाना कमरेलाच होता. अर्ध्या तासात आवळले असते, कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या दिवशी आणखी कुठं कुठं ब्रश फिरवला होता, देव जाणे. डाव्या कानात पुन्हा तीन ठोके पडले. तो थांबला होता.

खाली येऊन बाईंना सगळं सांगितलं. कानाचंसुद्धा.

त्यांनी सहीचा कागद मागे ओढला. "काका, हे लिहून दिलंत तर तुमचं काम जाईल."

"जाऊ द्या. उद्या पोरांना आत घेऊ नका. दहातला एक नको, सगळे तपासा."

संध्याकाळपर्यंत आवळ मोजणारा टॉर्क पाना लावून एकेक बोल्ट तपासला. आणखी एक सांधा निघाला, मंचाच्या बरोबर वर. सहा बोल्ट, सहा सरळ रेषा. चौदाही बोल्ट बाईंनी समोर उभं राहून पूर्ण आवळून घेतले. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

कामाची हत्यारं परत करताना दादाची हातोडीही टेबलावर ठेवली. तिचा दांडा दादाच्या मुठीने झिजलेला होता.

फाटकाबाहेर येऊन मागे वळलो. छप्पर काळोखायला लागलं होतं.

"ठीक, दादा," मी म्हणालो.

डाव्या कानात एकच ठोका पडला, खणखणीत. त्यानंतर काही नाही. तरी मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो, मान त्या बाजूला कलती करून.