दातांनी ऐकलेली बरणी

चिनी मातीच्या बरण्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे ठोकमास्तर म्हणत. भट्टीतून निघालेली बरणी तळव्यावर तोलायची आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकायची. टण्ण वाजली तर पक्की, भद्द वाजली तर आत तडा. एकतीस वर्षं त्यांच्या कानापुढे कुणी ब्र काढला नव्हता.

आज सकाळपासून त्यांनी बेचाळीस बरण्या बाद केल्या. मुकादमाला शंका आली. त्याने बरण्यांना शाई फासून पुसून पाहिली. तडा असता तर शाईची रेघ उरली असती. एकीवरही उरली नाही.

"मास्तर, बिघडलंय कोण? बरण्या की तुम्ही? दुपारच्या खेपेतही हेच झालं तर उद्यापासून खोक्यांत पेंढा भरायला बसा."

मास्तर चक्रावले. कान गेला म्हणावं, तर भट्टीच्या पंख्यापाशी, एवढ्या गोंगाटात, माणसांचं बोलणं स्वच्छ कळायचं. घरच्या शांततेत मात्र बायको पुटपुटायची. आणि तीच उलट म्हणायची, "अहो, मिठाची गुळणी धरून बोलता की काय?" त्यांना तर वाटायचं, आपण ओरडतोय.

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन आलेल्या बायकोने त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी दोन शिंगांचा लोखंडी काटा आपटून कानाशी धरला.

"येतंय ऐकू?"

"येत होतं. थांबलं."

बाईंनी तोच काटा, पुन्हा न आपटता, कानामागच्या हाडावर टेकवला.

"आँ! परत सुरू झालं? कुणीकडून?"

"हाडातून, काका. आवाज म्हणजे थरथर. पडद्यामागची तीन इवली हाडं ती आत पोचवतात. त्यातलं एक आखडलंय. आतला कान ठीक आहे. स्वतःचा आवाज हाडातून मोठा वाटतो, म्हणून तुम्ही हळू बोलता. गोंगाटात लोक ओरडतात, म्हणून कळतं."

"म्हणजे मला ऐकू येतं की नाही?"

"दोन्ही."

बायको म्हणाली, "मी पुटपुटत नाही, तेवढं लिहून द्या, बाई."

दुपारची पहिली बरणी ठोकली. भद्द! मुकादम हाताची घडी घालून उभाच होता. मास्तरांनी घाम पुसला. मग काय मनात आलं कोण जाणे, दुसऱ्या हातोडीचा दांडा दातांत धरला, तिचं डोकं बरणीला टेकवलं आणि हातातल्या हातोडीने ठोकलं.

"तपासताय की खाताय?" मुकादम हसला.

मास्तरांच्या कवटीत टण्ण झालं होतं. पक्की. दुसरी पक्की. नववी दातांतही मेल्यासारखी वाजली. त्यांनी ती बाजूला सारली. मुकादमाने शाई फासून पुसली. केसाएवढी निळी रेघ उरली.

मुकादमाचे ओठ हलले. मास्तरांना काही कळेना. त्यांनी त्याची बाही धरली आणि त्याला ओढत पंख्यापाशी नेलं.

"हं, इथं बोला. इथं ऐकू येतं."

"उद्या वेळेवर या!" मुकादम ओरडला. "हातोडीवर! पेंढ्यावर नाही!"

मास्तरांनी मान डोलावली, आणि बरणी नेमकी वाजली कुठे, ते जिभेने दात चाचपत शोधू लागले.