बुधवारचे शेवटचे दोन तास

२०१८ सालच्या जानेवारीत जळगावची हेमांगी पहिल्यांदा विमानात बसली, तेव्हा तिला सेहेचाळिसावं वर्ष चालू होतं. आणि जायचं कुठे, तर थेट आफ्रिकेत, मोंबासाला. एकटीने. शाळेचं वेळापत्रक कसं करायचं ते तिथल्या मास्तरांना शिकवायला. सासूबाईंना हे पटवून देण्यातच दोन दिवस गेले होते, कारण वेळापत्रक ही काय शिकवायची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

तरुणभाऊंच्या छोट्याशा कंपनीत ती कामाला होती. शिक्षक, विषय, वर्ग यांची नावं भरली की कोणता तास कोणाचा, हे मांडून देणारा प्रोग्रॅम ही कंपनी शाळांना देई. धुळे-जळगावातल्या साठेक शाळा तो वापरत. अडलं की शाळा फोन करत आणि नऊ वर्षं तो फोन हेमांगी उचलत होती. पलीकडून नुसता खाकरल्याचा आवाज आला तरी हे कोणते मुख्याध्यापक आणि यांनी कोणतं बटण दाबून ठेवलं असेल, हे तिला कळायचं.

तरुणभाऊंची मावसबहीण चेलना धुळ्याची. लग्न होऊन मोंबासाला गेली होती आणि तिथल्या एका शाळेचं कार्यालय सांभाळत होती. तिच्या ओळखीने ही शाळा मिळाली. तरुणभाऊ म्हणाले, "तुम्हीच जा. मला प्रोग्रॅम विकता येतो, चालवता येत नाही." पण जाताना त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. हे काम जमलं तर वेळापत्रकाचा विभाग राहील. नाही जमलं तर एप्रिलपासून तो बंद. म्हणजे हेमांगीचं आणि तिच्या शेजारी फोनवर बसणाऱ्या दोन मुलींचं टेबल उठणार.

पिवळ्या तापाची लस टोचून, डब्यात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या आणि लसणाची चटणी भरून हेमांगी निघाली. मोंबासात तिला सगळ्याचंच नवल वाटत होतं. चेलनाकडे पहिल्याच दिवशी ताटात कच्च्या केळ्यांची भाजी आली, मऊ शिजवलेली, बटाट्यासारखी. केळीच्या मुलखातून आलेली ही बाई ती भाजी कशी करतात हे विचारत स्वयंपाकघरात तासभर उभी राहिली.

शाळा पुढच्या सोमवारी सुरू व्हायची होती, त्याआधीच्या या आठवड्यात मास्तरांना शिकवायचं होतं. सोमवारी, मंगळवारी शिकवणं छान झालं. मंगळवारी दुपारी प्रोग्रॅमने शाळेचं पहिलं वेळापत्रक मांडून दिलं, तेव्हा गणिताचे उंच सर पडद्याजवळ येऊन म्हणाले की बुधवारी शेवटच्या दोन तासांना एकाही वर्गाला गणित नाही. विज्ञान नाही, इंग्रजीही नाही. सगळीकडे चित्रकला, खेळ, गाणं. त्यांनी स्वतः एक गणिताचा तास तिथे ओढून ठेवला. प्रोग्रॅमने तो उचलून परत फेकला.

कोणता तास कुठे नको हे शाळा जिथे भरते, ते अटींचं पान हेमांगीने उघडून पाहिलं. तिथे बुधवारचं नावही नव्हतं.

तिने तरुणभाऊंना फोन केला. त्यांनाही माहीत नव्हतं. पण ते पक्के व्यापारी. म्हणाले, सांगा की मुद्दाम ठेवलंय, आठवड्याच्या मध्याला मुलांच्या डोक्याला विश्रांती हवी असते. शुक्रवारी करारावर सही घेऊन या.

बुधवारी सकाळी हेमांगीने तसं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उंच सरांनी तर ते आपल्या वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ मात्र हेमांगीला खुपली. नऊ वर्षांत तिने कोणाला चुकीचं बटण सांगितलं नव्हतं, आणि इथे येऊन चक्क थाप मारली होती.

शिवाय खरं कारण काय, हे तिला आता चैन पडू देईना. दुपारी तिने एक खोटी शाळा तयार केली. एक वर्ग, एक शिक्षक, एकच विषय, गणित. प्रोग्रॅमने सगळा आठवडा गणिताने भरला आणि बुधवारचे शेवटचे दोन तास कोरे ठेवले. म्हणजे ही अट कोणी शाळेने भरलेली नव्हती. ती प्रोग्रॅमच्या हाडातच होती.

तेव्हा तिला आठवलं, फैजपूरकडच्या एका मुख्याध्यापकांनी मागे कधीतरी हेच विचारलं होतं. तिने फोनवर घाईत उत्तर दिलं होतं, "साहेब, काहीतरी परिपत्रक असेल." साहेब लगेच म्हणाले होते, "असेल, असेल," आणि फोन ठेवला होता. साठ शाळा वर्षानुवर्षं बुधवारी दुपारी चित्रं काढत होत्या, कारण प्रत्येकाला वाटलं हा सरकारी नियम!

गुरुवारी सकाळी तिने अभिमनला फोनवर गाठलं. हा प्रोग्रॅम अगदी सुरुवातीला त्याने लिहिला होता. आता तो नरडाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता. तो म्हणाला, "ताई, मला वेळापत्रकातलं काय कळत होतं? रुपचंद सर सांगायचे, मी लिहायचो. त्यांनाच विचारा."

रुपचंद सर धरणगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. वेळापत्रक बसवावं तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत चिठ्ठ्या टाचण्यांनी लावून ते तीस शिक्षकांचा आठवडा बसवत. तीच पद्धत अभिमनने प्रोग्रॅममध्ये उतरवली होती. हेमांगीने फोनवर विचारलं, तर सरांना प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं.

"बेटा, बुधवारले आपला गावना बजार ऱ्हास," ते अहिराणीत म्हणाले. "दुपारनंतर बठ्ठा पोरे बजारमा. मंग गणित कोणले शिकाडू, भीतले?"

हेमांगी हसायला लागली आणि हसता हसता मध्येच थांबली. एका खेड्याचा आठवडी बाजार समुद्र ओलांडून मोंबासाला आला होता, आणि तिने त्याला मुलांच्या डोक्याची विश्रांती म्हणून खपवलं होतं.

तिने चेलनाला सांगितलं. चेलना म्हणाली, "ताई, हे बोलू नका. उद्या सही आहे. प्रोग्रॅममध्ये असं आणखी काय काय निघेल, असं विचारतील, तर काय सांगाल?"

"ते विचारतीलच," हेमांगी म्हणाली. "पण त्या सरांनी वहीत लिहून घेतलंय गं. ते उद्या दुसऱ्या कोणाला शिकवतील."

शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत कबूल केलं. परवा मी सांगितलं ते खोटं होतं. मग बाजाराची गोष्ट सांगितली. पोरं आईबापांच्या शेजारी भाजीच्या ढिगाजवळ कशी बसतात, तेही सांगितलं. उंच सरांनी वही काढली आणि ती ओळ खोडली. हेमांगीला वाटलं, संपलं.

उपमुख्याध्यापिका बाई भरदार आवाजाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचं हे यंत्र गावाची रीत लक्षात ठेवतं?"

"ठेवतं," हेमांगी म्हणाली. "जरा जास्तच."

"मग आमचीही ठेवेल का? शुक्रवारी दुपारी आमची अर्धी शाळा नमाजाला जाते. आधीच्या प्रोग्रॅमला ते कधी कळलं नाही. दरवर्षी आम्ही हाताने खोडून खोडून बसवतो."

अभिमनची कारखान्यातली पाळी संपायला अजून दोन तास होते. हेमांगीने वाट पाहिली. मग तो फोनवरून एकेक ओळ सांगत गेला आणि ती बदलत गेली. बुधवार सुटा झाला आणि शुक्रवारची दुपार मोकळी झाली. अट या वेळी अटींच्या पानावर, सगळ्यांना दिसेल अशी लिहिली. संध्याकाळी पाचला सही झाली.

ती परतल्यावर तरुणभाऊ आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. मग त्यांनीच साठ शाळांना पत्र धाडलं की बुधवारची अट काढत आहोत. अकरा शाळांनी उलट लिहिलं की काढू नका, मुलांना सवय झाली आहे. वेळापत्रकाचा विभाग राहिला. २०२३ मध्ये पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने तो विकत घेतला, आणि तरुणभाऊ आता ठिबक सिंचनाच्या धंद्यात आहेत. अभिमन नरडाण्यालाच आहे, कारखान्यात साहेब झाला. रुपचंद सर २०२१ मध्ये गेले. त्यांचा बाजार कुठवर गेला हे हेमांगीने त्यांना घरी जाऊन सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की तिकडच्या बाजारात वांगी मिळतात का. चेलना दर दिवाळीला धुळ्याला येते. उंच सर त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले.

हेमांगी पुण्याला गेली नाही. ती जळगावातूनच नव्या शाळांना शिकवायला जाते, दोनदा टांझानियालाही जाऊन आली. फोनवरच्या त्या दोन मुलींपैकी एक लग्न होऊन नाशिकला गेली. दुसरी अजून त्याच टेबलावर आहे, आणि कोणी विचारलं की हे असं का, तर म्हणते, थांबा, बघून सांगते.